शेगडी पेटंना झाली: डाळिंबाच्या साली आणि मोहोळकडचा एक गोबरगॅस

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णांचा फोन आला. "सर, गॅस हाय, पण पेटंना झालाय. काडी लावली की भप्प करतंय अन् विझतंय."

थंडीत गोबरगॅस कमी पडतो ही तक्रार मला दरवर्षी ऐकू येते, आणि उत्तरही ठरलेलं असतं. शेणात कोमट पाणी घाला, टाकीवर कडब्याचं पांघरूण टाका, फेब्रुवारीची वाट बघा. पण गॅस आहे आणि तो पेटत नाही, हे दुखणं निराळं. मी सोलापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. असलं काही कानावर आलं की रविवार घरात जात नाही.

अण्णा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील. मोहोळ तालुक्यात, पुणे रस्ता सोडून आत गेलं की त्यांची वस्ती. तीन एकर भगवा डाळिंब, दोन म्हशी, दोन जर्सी, सात-आठ उस्मानाबादी शेळ्या. गोठ्याच्या मागं दीनबंधू पद्धतीचा २ घनमीटरचा प्लांट आहे. जमिनीत विटांचा घुमट, एका बाजूला शेण कालवायची कुंडी, दुसऱ्या बाजूला रबडी, म्हणजे पचलेला शेणकाला, बाहेर यायची टाकी. एवढ्या प्लांटला रोज साधारण ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. सहा वर्षं तो बिनबोभाट चालला होता.

यंदा बदल झाला तो एकच. मृग बहाराची फळं नोव्हेंबरअखेर निघू लागली आणि त्यात तडकलेली, तेल्याचे डाग पडलेली फळं बरीच निघाली. असल्या फळाला मार्केट यार्डात कुणी विचारत नाही, पण आतला दाणा चांगला असतो. वहिनी आणि सून सकाळी बसून दाणे काढतात आणि मुलगा ते सोलापुरातल्या ज्यूसवाल्यांना पोचवतो. फळाच्या वजनातला निम्म्याच्या आसपास भाग सालीचा. म्हणजे रोज दोन पाट्या साल अंगणात. तेल्या हा जिवाणूंचा रोग. रोगट साल बागेत टाकली तर पावसाच्या शिंतोड्यांबरोबर रोग पुन्हा झाडावर चढतो, हे केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या माणसांनी अण्णांच्या डोक्यात पक्कं बसवलेलं. जाळावी तर ओली साल जळत नाही. मग अण्णांनी ती कोयत्यानं तुकडे करून गोबरगॅसच्या कुंडीत ढकलायला सुरुवात केली. केळीची साल, उरलेला भात, भाजीची देठं असं सगळं तिथंच जात होतं, मग डाळिंबाची साल का नको? हा विचार चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही.

पहिली फेरी, आणि माझी चूक

बाहेरच्या टाकीत रबडी वर चढलेली होती, म्हणजे घुमटात दाब भरपूर. शेगडीचा कॉक उघडला की फुस्स आवाज यायचा. काडी धरली तर पिवळट ज्योत बर्नरपासून उचलून दोन-तीनदा नाचली आणि गेली. शेणाच्या रबडीला एक ओळखीचा वास असतो, खरं तर चांगल्या प्लांटच्या रबडीला वास जवळजवळ नसतोच. इथं आंबट, नासलेल्या ताकाचा दर्प होता. रंगही हिरवट-तपकिरी नव्हता, काळपट होता. पट्टी बुडवली तर पीएच ६ च्या खाली, म्हणजे आम्ल वाढलेलं.

टाकीच्या आत दोन टोळ्या काम करत असतात. पहिली टोळी चारा, साल, जे येईल ते फोडून त्याची आम्लं करते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. दुसरी टोळी त्या आम्लांपासून, मुख्यतः अ‍ॅसेटिक आम्लापासून, मिथेन म्हणजे पेटणारा गॅस करते. दुसरी टोळी हळू वाढते आणि नखरेल आहे. ती थांबली की आम्ल साचतं आणि घुमटात कार्बन डायऑक्साइड भरत राहतो. दाब दिसतो, पेटत मात्र नाही. अण्णांचं "गॅस हाय पण पेटंना" हे निदान म्हणून बिनचूक होतं.

मग मी ठरीव सल्ला दिला. सालीतल्या साखरेनं टाकीला अपचन झालंय, साल बंद करा, चुन्याची निवळी घाला. पुढच्या रविवारी पट्टीनं ७ दाखवलं. शेगडी तशीच. नुसतं आम्ल हेच कारण असतं तर एव्हाना ज्योतीनं थोडं तरी अंग धरलं असतं.

खरं कारण माझ्यासमोर दोन्ही रविवारी चहाचा कप धरून उभं होतं. वहिनींच्या बोटांची टोकं काळी पडलेली होती, नखांच्या कडेनं तर शाई लावल्यासारखी. "विळीवर साल काढती ना रोज, आठवडा झाला निघंना. साबण लावा, लिंबू लावा." आणि बोलता बोलता त्यांनीच पुढची गोष्ट सांगितली. बाहेरच्या टाकीत सालीचे तुकडे तसेच्या तसे येत होते. मी एक उचलून बघितला. चार-पाच आठवडे टाकीत राहिलेला तुकडा. मऊ पडला नव्हता, उलट चपलेच्या जुन्या अंगठ्यासारखा चिवट झाला होता.

लोखंडी विळी आणि डाळिंबाची साल मिळून काळं होतं, कारण सालीत टॅनिन असतं आणि टॅनिन लोखंडाला धरून निळं-काळं होतं. लोखंडी कढईत आवळा शिजवणाऱ्या प्रत्येकीनं हे बघितलेलं असतं. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, वापरून सूत काळं करणाऱ्या रंगाऱ्यांचाही धंदा याच गोष्टीवर चालला.

कमावलेली टाकी

मराठीत चामडं 'कमावतात'. कच्चं कातडं चार दिवसांत सडतं. बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवलं की वर्षानुवर्षं टिकतं. सालीतलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनांना असं जखडून टाकतं की सडवणाऱ्या जिवाणूंच्या विकरांना, म्हणजे एन्झाइमांना, तिथं शिरता येत नाही. डाळिंब चावताना साल जिभेला लागली की तोंड आवळून येतं तेही हेच. लाळेतली प्रथिनं टॅनिनशी गुंतून साका होतात आणि जिभेवरचा ओलावा गेल्यासारखा वाटतो. त्यालाच आपण तुरट म्हणतो.

टाकीतल्या जिवाणूंचंही तेच झालं होतं. त्यांनी अन्न फोडायला बाहेर सोडलेली विकरं ही प्रथिनंच, त्यांच्या अंगावरच्या आवरणांतही प्रथिनं. त्यातून टॅनिन लोह धरून ठेवतं, आणि मिथेन करणाऱ्यांना लोह लागतंच. दोन पाट्या साल रोज टाकून अण्णांनी अख्खी टाकी कमावली होती. मी तिच्यात चुना ओतत बसलो होतो.

इथं थोडं रसायन सांगायलाच हवं, नाहीतर पुढचा उपाय जादूटोणा वाटेल. वनस्पतींतली टॅनिनं दोन घराण्यांची. एक घराणं पाण्यानं तुटणारं. मध्ये ग्लुकोज, भोवती गॅलिक आम्लाचे किंवा त्याच्याच भाऊबंदांचे गट, एस्टर बंधांनी चिकटलेले. हिरडा आणि मायफळ या घराण्यातले. डाळिंबाच्या सालीतलं प्युनिकॅलॅजिन नावाचं थोराड टॅनिनही इथलंच, ते तुटलं की शेवटी एलॅजिक आम्ल मिळतं. दुसरं घराणं संघनित टॅनिनांचं. त्यात साखर नाही, कड्या एकमेकींना कार्बन-कार्बन बंधांनी जोडलेल्या, आणि ते फोडणं फार जिकिरीचं. अण्णांचं नशीब एवढंच की डाळिंबाच्या सालीत पहिलं घराणं वरचढ आहे.

पहिल्या घराण्याची कुलुपं उघडणाऱ्या विकराला टॅनेज म्हणतात. १८६७ मध्ये व्हॅन टिघेम या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं टॅनिनच्या पाण्यावर बुरशी वाढलेली बघितली आणि त्या पाण्यात गॅलिक आम्ल तयार झाल्याचं नोंदवलं. त्यातली एक बुरशी अ‍ॅस्परजिलस नायजर, म्हणजे कांद्याच्या सालीवर काळी भुकटी दिसते ती. आजही कारखान्यात टॅनेज करायला ही आणि तिच्या गोतातल्या बुरशी वापरतात. थंड पाण्यात गढूळ न होणारा इन्स्टंट चहा त्याच विकराच्या जिवावर होतो.

नेदरलँड्समधल्या वागेनिंगेन इथं १९८० च्या दशकात फील्ड आणि लेटिंगा यांनी टॅनिन आणि मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांवर काम केलं. त्यातल्या दोन गोष्टी अण्णांच्या प्रकरणात सरळ लागू पडतात. अखंड टॅनिन जितकं घातक, तितकं त्याचे सुटे तुकडे, म्हणजे गॅलिक आम्ल किंवा पायरोगॅलॉल, घातक नसतात. आणि टॅनिन फुटून गेल्यावरही मिथेन करणाऱ्यांना झालेली इजा लगेच भरून येत नाही. साल बंद करूनही शेगडी का पेटली नाही, त्याचं उत्तर या दुसऱ्या गोष्टीत होतं.

म्हणजे टाकीला औषध नको होतं, नवी माणसं हवी होती. आम्ही निम्मी रबडी उपसली आणि ज्वारीच्या रानात सोडली. मुद्दाम ज्वारीत, डाळिंबात नाही, तेल्याच्या सालीची रबडी बागेत जायला नको म्हणून. शेजारच्या वस्तीवरच्या चालू प्लांटमधून चार घमेली रबडी विरजण म्हणून आणून घातली. 'विरजण' हा शब्द अण्णांचा, आणि वर्गात मी 'इनॉक्युलम' समजावताना तोच वापरतो आता. शेणाचा रोजचा हप्ता निम्म्यावर आणला. तिसऱ्या आठवड्यात निळी ज्योत स्थिर झाली. महाशिवरात्रीला वहिनींनी साबुदाणा त्याच शेगडीवर केला.

पण साल जाणार कुठं?

फळं अजून चालूच होती आणि अंगणातला ढीग वाढत होता. "सर, गॅस झाला नीट, ह्याचं काय करू ते सांगा की." हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर ढिगाच्या कडेलाच दिसत होतं. आठ-दहा दिवसांपूर्वीच्या सालींवर, ओल असलेल्या बाजूला, काळी मखमल चढली होती. मी थोडी डबीत घालून कॉलेजात आणली. भिंगाखाली लांब दांडा, त्यावर गोल डोकं आणि डोक्यावर काळ्या बीजाणूंचा भरगच्च गोंडा. अ‍ॅस्परजिलसच, आणि नायजरच्या गोतातली. डाळिंबाच्या फळात कूज आणणारी ही बुरशी बागेतूनच सालीबरोबर आली होती, बाजारातून पाकीट आणायची गरज नव्हती. मेक्सिकोतल्या संशोधकांनी डाळिंबाच्या सालीवरच ही बुरशी वाढवून एलॅजिक आम्ल काढलेलं आहे, म्हणजे तिला ही साल पचते याबद्दल शंका नव्हती.

तिला हवा लागते, टाकीत ती जगत नाही. म्हणून क्रम उलटा करायचा ठरला. आधी हवेत बुरशीकडून टॅनिन फोडून घ्यायचं, मग उरलेलं बिनहवेच्या टाकीत. बागेपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, जुन्या ताडपत्रीवर सालीचे तुकडे कडब्याच्या कुट्टीत मिसळून वीतभर जाडीचा थर केला. वर शेणपाण्याचा हलका शिडकावा आणि भिजवलेलं गोणपाट. वीतभर का, तर उंच ढीग केला की आत तापतं, साठीच्या घरात जातं, आणि ही बुरशी तिशीच्या आसपास सुखात असते. पुढं ज्या सालीचं खत करायचं तिचा उंच ढीग जरूर करावा, ती उष्णता तेल्याच्या जिवाणूंना मारायला कामाची आहे. पण ती दुसरी पायरी.

टॅनिन गेलं हे ओळखायचं कसं? इथं मी दुसऱ्यांदा फसलो. सालीच्या पाण्यात गंजका खिळा टाकून रोज काळेपणा बघत होतो. दहा दिवस झाले तरी शाई तशीच. अण्णांचा चेहरा पडला, माझाही. मग लक्षात आलं की लोखंडाबरोबर गॅलिक आम्लसुद्धा काळं होतं. कुलूप उघडलं तरी खिळ्याला कळणार नव्हतं. विचारायला हवं होतं ते प्रथिनाला. बेकरीच्या सामानाच्या दुकानातून जिलेटिनचं पाकीट आणलं, चमचाभर कोमट पाण्यात विरघळवलं. ताज्या सालीचं गाळलेलं पाणी त्यात ओतलं तर दूध फाटावं तसा दाट पांढरट साका झाला. बारा दिवस बुरशी चढलेल्या सालीचं पाणी ओतलं, नुसती धुकट झाक आली. दोन काचेचे पेले ओसरीच्या कट्ट्यावर शेजारी शेजारी ठेवलेले, आणि अण्णा दोन्ही हातांत धरून उन्हाकडे करून बघतायत, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर अजून आहे. "म्हंजे तुरटपणा गेला म्हणा की," ते म्हणाले, आणि मी नको म्हणायच्या आत बोट बुडवून चाखलं. बुरशी लागलेलं काही चाखू नये, हे त्यांना नंतर सांगितलं. जनावरांनाही ती साल घालायची नाही, आणि थर उलटताना तोंडाला ओलं फडकं बांधायचंच. काळी भुकटी छातीत जाते.

एलॅजिक आम्ल मात्र पाण्यात फारसं विरघळत नाही. सालीच्या तुकड्यांवर पिवळट पूड धरते, ती टाकीत गेली तरी बराच भाग तळाशी बसतो. म्हणजे सगळ्या सालीचा गॅस होईल असं मी अण्णांना कबूल केलं नाही.

शेळ्यांकडून उसनं

अण्णांच्या शेळ्या उन्हाळ्यात बाभळीखाली शेंगा वेचून खातात. बाभळीच्या शेंगेत टॅनिन भरपूर, तरी शेळ्या त्यावर टुणटुणीत. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रूकर आणि सहकाऱ्यांनी तिकडच्या बाभळीच्या जातीचा, मुल्गा नावाच्या झाडाचा, पाला खाणाऱ्या रानशेळ्यांच्या पोटातून एक स्ट्रेप्टोकोकस वेगळा काढला. अडीच टक्के टॅनिक आम्ल घातलेल्या पाण्यातही तो वाढत होता. आता त्याला स्ट्रेप्टोकोकस गॅलोलिटिकस म्हणतात. नावातच गॅलिक फोडणारा. तो टॅनेज सोडतो आणि पुढं गॅलिक आम्लातला कार्बन डायऑक्साइड काढून त्याचं पायरोगॅलॉल करतो. लोणच्यात, आंबवलेल्या भाजीत सापडणारा लॅक्टोबॅसिलस प्लँटारमही हेच दोन टप्पे करतो.

पायरोगॅलॉलवर ते थांबतात. त्यापुढचं काम बिनहवेच्या चिखलात राहणाऱ्यांचं. १९८२ मध्ये जर्मनीत शिंक आणि फेनिग यांनी वर्णन केलेला पेलोबॅक्टर अ‍ॅसिडिगॅलिसी हा त्यातला. गॅलिक आम्लाच्या एका रेणूपासून तो अ‍ॅसेटिक आम्लाचे तीन रेणू आणि कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू करतो. हे वाक्य वर्गात फळ्यावर लिहिताना कधी अंगावर आलं नव्हतं, अण्णांच्या कुंडीपाशी आलं. अ‍ॅसेटिक आम्ल म्हणजे मिथेनवाल्यांचं रोजचं जेवण. ज्या रेणूनं टाकी बसली, त्याचेच तुकडे योग्य हातांतून गेले तर तिचा खुराक होतात.

म्हणून मी सुचवलं की शेळ्यांच्या ताज्या लेंड्या कुटून रोज थोड्या शेणकाल्यात घालाव्यात. उन्हाळ्यात शेंगा पडू लागल्यावर खास करून. आणि बुरशी खाऊन झालेली साल एकदम नाही, रोज एकच घमेलं, तेही जिलेटिनच्या पेल्यात साका होत नसेल तरच. शास्त्राच्या दृष्टीनं हा प्रयोग कच्चा आहे. बुरशी, लेंड्या आणि कमी हप्ता असं तिन्ही एकत्र सुरू केल्यावर कुणाला किती गुण द्यायचे हे ठरत नाही. मला विचाराल तर हप्त्याला सगळ्यात जास्त देईन. टाकीतल्या वस्तीला नव्या अन्नाची सवय व्हायला आठवडे लागतात, आणि पहिल्या खेपेला आम्ही तिला चार दिवसही दिले नव्हते. लेंड्या फुकटच्या होत्या, म्हणून घातल्या.

मार्च-एप्रिलमध्ये प्लांट रोज एक घमेलं साल पचवत होता. एप्रिलच्या शेवटी पाहुणे आले, गॅस पुरेना, म्हणून अण्णांनी परस्पर दोन घमेली केली. पाचव्या दिवशी ज्योत पिवळी झाली. या वेळी फोन आला नाही. त्यांनी स्वतःच साल थांबवली, शेजाऱ्याकडून दोन घमेली विरजण आणलं, आणि आठवड्यात गाडी रुळावर. हे मला कळलं ते मे महिन्यात, दाण्यांचा डबा घेऊन मुलगा कॉलेजात आला तेव्हा. उरलेल्या सालीचा आता उंच ढीग लागतो, त्याचं खत मक्याला जातं.

कुंडीच्या काठावर वहिनींनी खडूनं एक रेघ ओढून ठेवली आहे. साल तिच्या वर गेली की ओरडा सुरू. मागच्या खेपेला मी उभा असतानाच अण्णांनी चार तुकडे जास्त टाकले, तर ओसरीवरनं आवाज आला, "टाका, टाका अजून. चूल कुठाय ते म्हायती हाय न्हवं?"